सतराव्या झाडावरची लालपंखी

२६ ऑगस्ट, मंगळवार

फ्रिजमध्ये दुधाच्या भांड्यामागे एक डबी ठेवली आहे. आत काय आहे ते यांना अजून सांगितलेलं नाही.

सकाळी साडेसहाला मास्तरांचा फोन. वय एक्याऐंशी, पण अजून ‘हॅलो’ म्हणायची सवय नाही. एकदम — “सतरा नंबरवर लाल आहे. निघ.” निघाले. नऊला छापखान्यात पोचायचं होतं, तरी निघाले. रानाच्या तोंडाशी उभे होते. हातात प्लॅस्टिकची गोल डबी, चेहऱ्यावर आठवीच्या वर्गातलं ते हसू — उत्तर आधीच माहीत असलेल्या माणसाचं.

“कुठली आहे?”

“ते तू सांग. शिक्का तुझ्याकडे आहे.”

टोमणा होता. जिल्ह्यात कुणालाही कुठलाही पतंग — दिव्यावर येणारा, उडवायचा नव्हे — दिसला की त्याची नोंद आमच्या पतंग-अभ्यासकांच्या मंडळाकडे येते आणि मंजूर-नामंजूर मी लिहिते. बारा वर्षं झाली. पतंग बघायला शिकवलं ते मात्र मास्तरांनीच, शाळेत, शास्त्राच्या तासाला. म्हणजे गुरूचा पेपर मी तपासते. दोघांनाही ते अवघड जातं, दोघंही तसं दाखवत नाही.

साधा पतंग असता तर एवढ्या पहाटे गेलेच नसते. ओकचं ते रान रस्ते खात्याला हवं आहे. बाह्यवळण. प्रत्येक बुंध्यावर लाल रंगाने आकडा टाकून झालाय. सुनावणी १८ सप्टेंबरला. गडद लालपंखी, दुर्मीळ म्हणून संरक्षित असलेली पतंगाची जात, त्या रानात जन्मते असं सिद्ध झालं तर रस्ता वळसा घालून जाईल. नाहीतर ऑक्टोबरात करवती.

चाळीस वर्षांत जिल्ह्यात तिची एकही मान्य नोंद नाही. आणि सुनावणीला तीन आठवडे असताना ती सापडते. मास्तरांनाच.

योगायोग चांगला आहे. जरा जास्तच चांगला.

२७ ऑगस्ट

पहाटे डबी काढली. गार झालेला पतंग पाच-सात मिनिटं हलत नाही, तेवढाच वेळ मिळतो. पुढचे पंख मिटलेले — ओकच्या सालीचा तुकडाच. राखाडी, तपकिरी, मध्ये शेवाळ्याचा भास. बुंध्यावर बसला तर आपण त्याच्यावर हात टेकवू. बारीक कुंचल्याने पुढचा पंख हळूच वर केला. खाली लाल! दर वेळी दचकते मी. इतकं रंगीत काही इतक्या मळकट पांघरुणाखाली कुणी का ठेवावं!

लाल असून भागत नाही. लाल मागच्या पंखांच्या जाती एकीसारखी एक. ओळखायचं ते त्या लालवर आडव्या जाणाऱ्या काळ्या पट्ट्यावरून. एकीत तो साधा वळतो, दुसरीत जवळजवळ सरळ जातो, आणि गडद लालपंखीत इंग्रजी डब्ल्यूसारखा दोनदा मोडतो. यांचं घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावलं. डब्ल्यू. स्वच्छ, ठसठशीत डब्ल्यू.

ओळख पक्की. शंका तिथे नाही.

शंका आहे ती याच्या कोरेपणाची. ऑगस्ट संपत आला. जुलैत बाहेर पडलेले पतंग आता फाटलेले असतात — कडा झिजलेल्या, खवले गळलेले, कुठे पाखराने चोच मारून मागच्या पंखाचा तुकडा नेलेला. याच्या पाठीवरची लवसुद्धा शाबूत. नुकतंच कपाटातून काढलेलं कापड वाटतं.

वर्षाला एकच पिढी यांची. अंडी सालीच्या फटीत हिवाळा काढतात, वसंतात अळ्या ओकची कोवळी पालवी खातात, मग कोष, मग पतंग. म्हणजे इतका ताजा पतंग लांबून उडत आलेला नसणार. तो जवळच जन्मला. रानात.

किंवा कुणाच्या तरी खोलीत.

२८ ऑगस्ट

यांना डबी सापडली. “अगं, हे खायचं आहे की याला खायला घालायचं आहे?”

३० ऑगस्ट, शनिवार

सतरा नंबरचं झाड बघून आले. जुनं आहे, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही. कमरेएवढ्या उंचीवर चिकट काळा पट्टा — मास्तर संध्याकाळी काकवी आणि शिळी बिअर फासतात, पतंग वासावर येतात. त्याच्या खाली खात्याचा लाल ‘१७’. काकवीत माशा अडकलेल्या. लालपंखी एकही नाही. तासभर बुंधे न्याहाळले, मान आखडली.

तिथे एक गृहस्थ भेटले. खात्याने पाहणीला नेमलेले तज्ज्ञ. मनातल्या मनात पाहणीसाहेब म्हणते त्यांना. रानात फिरूनही बुटांना चिखल नाही! माणूस गोड बोलतो. मास्तरांनी नोंदीसाठी दिलेल्या अर्जाची प्रत, फोटोसकट, त्यांच्याकडे गेलीच आहे.

“मॅडम, फोटो पाहिला. सुंदर नमुना. ऑगस्टअखेर इतका ताजा... तुम्ही जाणकार, मी काय सांगणार!”

“मग सांगू नका,” म्हणाले मी. हसले ते. मला राग आला. कारण माझ्याच मनातलं वाक्य होतं, आणि ते त्यांच्या तोंडून ऐकताना फार वाईट वाटलं.

घरी येताना सारखा विचार — हा माणूस संशय पेरतोय की मीच आधी नांगरून ठेवलंय?

१ सप्टेंबर

पतंग डबीत मेला. चुकचुकले. तपासायला सोपं झालं असंही वाटलं, तेही खरंच लिहायला हवं.

संध्याकाळी पंख पसरून सुकवायच्या लाकडी फळ्यावर लावला. टाचणी पाठीच्या बरोबर मधून, अंग फळ्याच्या खाचेत, चारी पंख दोन्ही बाजूंना पसरून त्यांच्यावर कागदाच्या पट्ट्या. आता पंधरा दिवस हात लावायचा नाही, हा मास्तरांचा नियम. आधी काढला की पंख लोंबतात. शाळेत मी एकदा दहाव्या दिवशी काढला होता. “शंकेखोर! सुकलं की नाही बघायला काढलंस, आता कधीच सुकणार नाही.” तेव्हापासून ते मला शंकेखोर म्हणतात. वर्गासमोर म्हणाले होते. पण आवाजात कौतुकही होतं थोडं.

हे डोकावले. “मागची बाजू बघितलीस का त्याची?”

“मागे काय असतं?”

“आमच्यात मागचं झाकण उघडल्याशिवाय निदान करत नाहीत.”

“पतंगाला चावी देत नाहीत हो.”

फळा कपाटावर ठेवला. मुंग्या लागू नयेत म्हणून चारी बाजूंनी हळद टाकली.

३ सप्टेंबर

दिवसभर आठवीच्या भूगोलाची मुद्रितं. एका नकाशात नदी डोंगर चढत होती. चुका शोधायचाच पगार घेते मी. सवय घरी येते, चपलांबरोबर बाहेर राहत नाही.

संध्याकाळी मंडळाची गेल्या वर्षीची नोंदवही काढली. काहीतरी आठवत होतं — होतंच!

गेल्या वर्षी, ९ सप्टेंबर. नोंदवणारे : मास्तर. झाड १७. मादी, एक. पंख फार फाटलेले. मागच्या पंखांचा फक्त मुळाजवळचा भाग शिल्लक, पट्टा दिसत नाही. ‘गडद लालपंखी असावी.’ आणि खाली माझ्या अक्षरात — ओळख पटत नाही. नामंजूर.

हा शेरा लिहिला तो वर्षअखेरीच्या मुदतीचा दिवस होता. त्या एका दुपारी मी दीडशेच्या आसपास नोंदी निकाली काढल्या. पण शेरा बरोबर आहे. पट्टाच नाही तर ओळखणार कशावरून? आजही हेच लिहिलं असतं.

मास्तरांनी तेव्हा वाद घातला नव्हता. ‘बरं’ एवढंच. मास्तर आणि वाद नाही! तेव्हाच खटकायला हवं होतं.

फाटकी नाकारली, म्हणून कोरी आणली?

लिहिल्यावर वाक्य किती घाणेरडं दिसतंय. पण खोडत नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

मास्तरांकडे गेले. निमित्त त्यांचं कात्रणांचं बाड परत करायचं. खरं सांगायचं तर बघायला गेले. चोरासारखी!

दार सूनबाईने उघडलं. मुलगा बोटीवर, वर्षातून दोनदा येतो. घरात सासरा आणि सून. दोघं एकमेकांवर सतत करवादतात आणि एकमेकांवाचून जेवत नाहीत. “बसा ताई. बाबा केस कापायला गेलेत. डोक्यावर सात केस आहेत, पण तासभर लागतो. न्हाव्याला पतंग शिकवत असतील.”

ती स्वयंपाकघरात गेली. मी मागच्या खोलीत गेले.

खिडकीशी टेबल. भिंग, चिमटा, कुंचला, आणि चक्क नेलपॉलिशची बाटली, मोतिया रंगाची! ती सूनबाईची म्हणून सोडून दिली. खुंटीला मलमलची लांब पिशवी. झाडाची फांदी पानांसकट आत घेऊन तोंड बांधायची, म्हणजे आतल्या अळ्या पळत नाहीत आणि पाखरं खात नाहीत. पिशवीच्या तळाशी ओकची वाळलेली पानं, कडा कुरतडलेल्या. खाली मातीची कुंडी, तिच्यात शेवाळ.

शेवाळ चिमट्याने उचललं. कोषांची रिकामी टरफलं. तपकिरी, डोक्याशी फुटलेली. मोजली. आठ.

मी शेवाळ जागच्या जागी ठेवलं, बाहेर येऊन खुर्चीत बसले, आणि सूनबाईने आणलेला चहा प्याले. साखर किती विचारलं तिने, ‘आठ’ म्हणाले!

“काय ताई! मधुमेहाला आमंत्रण?”

मास्तर यायच्या आधी निघाले.

७ सप्टेंबर

चाळीस वर्षांत त्यांनी मला एकदाही खोटं सांगितलेलं नाही. की मला एकदाही पकडता आलं नाही?

९ सप्टेंबर

आज विचारलं. तोंडावर.

छापखान्यातून परस्पर गेले. मास्तर बाहेरच्या पायरीवर बसून पेन्सिलीला टोक काढत होते, ब्लेडने. मीही पायरीवर बसले, एक पायरी खाली. सवयीने.

“मास्तर, लालपंखी तुम्ही घरात वाढवल्यात?”

“वाढवल्या.” हात थांबला नाही, पेन्सिल फिरत राहिली.

“अंडी कुठली?”

“तिचीच. गेल्या वर्षीच्या फाटकीची. तू ओळखलं नाहीस तिला. नोंद पाठवली आणि तिला पिशवीत ठेवली. सालीच्या तुकड्यावर अंडी घालून मेली. वाढवून बघितलं. पोरांचे पंख शाबूत असतात, पट्टा दिसतो.”

“मला का नाही सांगितलंत?”

“आईच नामंजूर. पोरांची नोंद कुठल्या रकान्यात करायची?”

मी आणखी कडक आवाजात विचारलं, “आणि सोडल्यात कुठे?”

“जिथली तिथं. सतरा नंबरवर. जुलैत.”

“मग डबीतला त्यातलाच एक.”

तेव्हा पेन्सिल थांबली. “नाही.”

“कशावरून?”

“शंका घ्यायला मीच शिकवलं तुला. रीतही शिकवली होती. कबुली मागू नये माणसाकडे, वही मागावी. आत आहे, माग.”

आणि मी म्हणाले — हे मी खरंच म्हणाले — “वही काय, मागाहूनही लिहिता येते.”

मास्तरांनी पेन्सिलीचं टोक बोटावर टेकवून पाहिलं. “मग झालं,” म्हणाले. उठताना मी हात पुढे केला, तो घेतला नाही. भिंतीला धरून उठले, आत गेले. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सूनबाई खिडकीत होती. माझ्याकडे पाहून पडदा ओढला.

१० सप्टेंबर

हिशोब परत मांडते, थंड डोक्याने. त्यांनी आठ वाढवले. जुलैत सोडले म्हणतात. जुलैत सोडलेला ऑगस्टअखेर इतका कोरा राहणार नाही. म्हणजे डबीतला जुलैतला नाही. म्हणजे एक मागे राहिला, कोषातून उशिरा निघाला, आणि त्याला वेळ साधून सतरा नंबरवर बसवलं. किंवा बसवलंही नाही, थेट डबीत.

सगळं जुळतं.

मुद्रितांत सगळं जुळलं की मी पान पुढे देते. आज हात पुढे होत नाही.

हे म्हणाले, “तू त्यांना पकडायला निघालीस की पतंगाला?” मी जेवणाचं ताट उचलून आत नेलं. त्यांचं अर्धं व्हायचं होतं!

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सुनावणीसाठी खात्याला मंडळाचं पत्र द्यायची मुदत आज पाचपर्यंत. चार पन्नासला पाठवलं.

‘जातीची ओळख : गडद लालपंखी, निश्चित. मात्र नमुना घरात वाढवलेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. रानातली नोंद म्हणून नामंजूर.’ खाली सही.

तीन वाक्यं. एकही चुकीचं नाही. पाच वेळा वाचलं.

१४ सप्टेंबर, रविवार

पाहणीसाहेबांचा फोन. “मॅडम, अभिनंदन करायला केला. आपल्या गुरूच्या बाबतीतसुद्धा इतकं निःपक्षपाती राहायचं म्हणजे... तुमच्यासारखी माणसं हवीत.”

“कुणाला हवीत?”

हसले पुन्हा. फोन ठेवल्यावर हात धुतले. कशासाठी, कुणास ठाऊक.

दुपारभर कपड्यांची कपाटं आवरली. कपाटावरच्या फळ्याकडे पाहिलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

सूनबाई छापखान्यात आली. सरळ माझ्या टेबलापर्यंत. मशीनचा आवाज, त्यामुळे तिला ओरडावं लागलं, किंवा ओरडायचंच होतं.

“बाबा सहा दिवस बोलत नाहीयेत. माझ्याशी भांडतसुद्धा नाहीत! घर खायला उठतं हो ताई. म्हणे, कुणाला काही सांगायचं नाही, तिला बघायचं असेल तर बघेल. मी कशाला ऐकू? मी काही त्यांची विद्यार्थिनी नाही.”

फोन पुढे केला. “हे बघा. जुलैत मीच काढलेत. बाबांचा हात कापतो, फोटो हलतात.”

आठ फोटो. आठ पतंग, प्रत्येक मास्तरांच्या दोन बोटांत अलगद धरलेला, उलटा. पोट वर, पंखांची खालची बाजू कॅमेऱ्याकडे. आणि प्रत्येकाच्या उजव्या पुढच्या पंखाखाली एक गोल ठिपका. मोतिया.

“माझी नेलपॉलिशची बाटली संपवली त्यांनी. मी म्हटलं, वरून लावा की, दिसेल तरी. तर म्हणाले, वर लावला तर आपल्याआधी पाखरांना दिसेल. सोडलेला एकेक ओळखू यायला हवा. उद्या रानात जन्मलेला सापडला तर त्याच्यात आणि आमच्या पोरांत घोळ नको. ‘शंकेखोर विचारेल,’ म्हणाले.”

शंकेखोर विचारेल.

तारखा पाहिल्या. पहिला ९ जुलै, शेवटचा १७ जुलै. फोनने आपणहून टाकलेल्या तारखा, मागाहून लिहिलेल्या नाहीत. तिने वरच्या बाजूचेही फोटो काढलेत, आठांचे आठ. टरफलंही आठच होती. मीच मोजली होती.

म्हणजे मागे एकही राहिला नव्हता. आता प्रश्न एवढाच, कपाटावरच्या त्याच्या पंखाखाली काय आहे? ठिपका असेल तर तो नववा कुणी नाही, आठांतलाच, कसा कोरा राहिला देव जाणे, आणि माझं पत्र खरं. नसेल तर—

मी तो वरूनच पाहिला. डब्ल्यू सापडला आणि तिथेच थांबले. वर-खाली दोन्ही बाजू बघितल्याशिवाय मास्तरांनी आठवीत एक पतंग ओळखू दिला नव्हता. मग फळ्यावर पालथा दाबून ठेवला मी — पंखांची खालची बाजू लाकडाला चिकटून, पंधरा दिवस.

सूनबाई जाताना म्हणाली, “बघा तुम्ही. आणि काय असेल ते त्यांना सांगा. शिव्या द्या, पण फोन करा.” सगळे फोटो माझ्या फोनवर पाठवून गेली.

घरी आल्या आल्या स्टूल घेतलं. फळा खाली काढला. पट्ट्यांना हात लावला आणि मागे घेतला. उजेड गेला होता. पंधरा दिवस उद्या पुरे होतात. एकदा घाई करून मोडलंय मी, आणि गेल्या वर्षी घाईत नामंजूर केलंय. उद्या सकाळी, खिडकीत.

यांनी आपलं भिंग पुसून टेबलावर ठेवलं.

१६ सप्टेंबर

पट्ट्या काढल्या. टाचणीने उचलून उलटा केला. खिडकीत पाहिला, मग भिंगातून, मग यांना दाखवला. ठिपका नाही. नेलपॉलिशचा कणसुद्धा नाही. पुढच्या पंखांची नक्षी आठ फोटोंशी ताडली. एकाशीही जुळत नाही. रानातच जन्मला. सतरा नंबरवर.

खात्याला पत्र गेलं — परवा सकाळी अकरा वाजता सुनावणीला मी स्वतः येईन, माझ्या सहीविरुद्ध पहिली मीच बोलेन. पोरांच्या फोटोंत डब्ल्यू आहे, म्हणजे आईही तीच; गेल्या वर्षीच्या वहीत ‘नामंजूर’वर रेघ मारली, बाजूला तारीख घातली.

मग फोन लावला. “मास्तर, वही मागायला येऊ?”

पलीकडून एकदम —

“ये. रानातूनच ये. रस्ता अजून झालेला नाही.”